दुष्काळानंतर रान पुन्हा उभे करताना

पाऊस दगा देऊन गेला की मोलगीभोवतीचे सातपुड्याचे उतार उघडे दिसू लागतात आणि रोपे लावायची घाई होते. ती थोडी आवरा. आधी काय जिवंत आहे ते बघू.

सालई आणि अंजन उन्हाळ्यात तसेही निष्पर्ण असतात, त्यामुळे वाळलेले वाटणारे प्रत्येक झाड मेलेले नसते. साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. नक्की कळत नसेल, तर चांगला पाऊस होईपर्यंत थांबा. सागाच्या तोडलेल्या खुंटांवर लक्ष ठेवा. खुंटाला जुन्या मुळांचा आधार असतो, म्हणून त्याचे फुटवे (बुंध्यातून येणारे नवे कोंब) नव्या रोपाच्या कितीतरी पुढे जातात.

खरोखर मेलेले, पोकळ झाडही सरपणाला नेऊ नका. रानपिंगळा हे छोटे घुबड अशाच ढोलीत घरटे करते. १८८४ नंतर ते नामशेष झाले असे मानले जात होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले. त्याला विरळ, कोरडे सागवन मानवते. तेव्हा दाट झाडी म्हणजेच चांगले जंगल, हे इथे खरे नाही.

मग राखण. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभा राखणीचे नियम ठरवू शकते. नसेल तर आधी वनविभागाशी बोला. चराईबंदी सगळ्या डोंगरावर एकदम लादली की आठवड्यात मोडते, कारण दुष्काळाने सर्वांत आधी चाराच संपवलेला असतो. एक तुकडा बंद ठेवा, दुसरा मोकळा, आणि बंद तुकड्यातले गवत कापून न्यायला मुभा द्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने राखणीचे नियम स्वतःच ठरवले आणि मोडणाऱ्याला दंडही लावला. नियम गावाचा असला की टिकतो.

मोह वेचणीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, झाडाखालचा पाला जाळायची सवय आहे. तीच आग पुढे वणवा होते. पाला झाडून घ्या किंवा खाली जाळी अंथरा.

पाण्यासाठी समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीवरचा चर. साधारण ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. माती खालच्या बाजूला. बहुतेकांची चूक इथेच होते. नजरेने आखलेला चर जरा कलला तरी पाणी एका टोकाला धावते आणि तिथे घळ पडते. ए-फ्रेम, म्हणजे ओळंबा लावलेली लाकडी चौकट, वापरा. झाडाच्या मुळांवरून चर नेऊ नका. खडकाळ, फार उभ्या चढावर चर खणूच नका; तिथे दगडांची ताल पुरते.

प्राण्यांसाठी पाणवठा केलात तर त्याची एक बाजू उतरती ठेवा, नाहीतर लहान प्राणी आत पडून बुडतात. वस्तीपासून तो दूरच हवा. अस्वलांची आणि माणसांची गाठ पडायला नको.

एवढे झाल्यावरही मोकळ्या राहिलेल्या जागी चांगला पाऊस होताच मोह, चारोळी, खैर, बहाव्याचे बी टोका. बहाव्याचे बी कठीण असते, ते आधी घासून घ्या. मोहाचे उलट आहे: त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ते त्याच हंगामातले ताजे हवे.