डांबराचे दिवस

इंग्लंडच्या कालव्यांवर कायमचा धक्का न घेता, फिरत फिरत बोटीतच राहणाऱ्यांच्या परवान्यावर एप्रिल 2024 पासून अधिभार लागला. सुरुवात 5 टक्क्यांची, दर वर्षी चढत चढत 2028 मध्ये तो 25 टक्क्यांवर जाणार. पाठोपाठ माझ्या जुन्या शेजाऱ्याचा निरोप आला, की आमच्या बोटी जिथं डांबरल्या जायच्या ते यार्ड विकलं गेलं, तिथं आता फ्लॅट उभे राहतील. बोट सोडून मला काही वर्षं झाली, तरी या दोन्ही बातम्या लागल्या. ज्या माणसांनी रोज हात काळे करून कालवा जिवंत ठेवला, त्यांचंच तिथलं बस्तान उठवलं जातंय.

कालव्यांचा इतिहास मला फारसा धरून ठेवत नाही. 1761 चा ब्रिजवॉटर कालवा, मग रेल्वे, मग 1948 चं राष्ट्रीयीकरण. 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी महिनोन्‌महिने गोठलं आणि मालवाहतुकीचं उरलंसुरलं कंबरडं मोडलं. त्यात मन गुंततं ते एल. टी. सी. रोल्ट यांच्यापाशी. ते स्वतः इंजिनियर, ‘क्रेसी’ नावाच्या बोटीत संसार करणारे. त्यांचं ‘नॅरो बोट’ 1944 साली आलं, दोन वर्षांनी कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. कालवे बुजवण्याची भाषा चालली होती तेव्हा ते वाचले, ते त्यांवर राहणाऱ्या आणि प्रेम करणाऱ्या माणसांमुळे.

माझं बोटीवरचं दशक 2008 च्या आसपास सुरू झालं. ग्रँड युनियन कालव्यावर 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद पोलादी नॅरोबोट हे आमचं घर. ही रुंदी कुणाच्या हौसेची नाही. अरुंद कालव्यांवर बोट वर-खाली नेणाऱ्या लॉकची रुंदीच जेमतेम 7 फूट. 1995 च्या कायद्यानं फिरत्या बोटवाल्यांना घातलेली मुख्य अट अशी, की एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. त्यामुळे पाण्याचा नळ कुठे, संडासाची कॅसेट रिकामी करायची जागा कुठे, कोळसा आणि डिझेल घेऊन येणारी बोट कोणत्या वारी, यावर आमचा महिना आखला जायचा.

बोट पाण्याबाहेर काढून डांबरणं दोन-तीन वर्षांनी यायचं, आणि त्याइतकं कष्टाचं पण समाधानाचं काम मी दुसरं केलेलं नाही. ड्राय डॉकमधलं पाणी सोडलं, की बोट ठोकळ्यांवर बसते आणि एरवी कधी न दिसणारं अर्धं घर समोर येतं. आधी जोरदार फवाऱ्यानं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले उडवायचे. मग तारेचा ब्रश, आणि गंज फुगलेला असेल तिथं हातोडी. पाण्याच्या रेषेवर पोलादाला बारीक खड्डे पडतात. नख फिरवून ते चाचपायचे. तळाचा पत्रा 10 मिलिमीटर, बाजूचा 6, वरच्या केबिनचा 4, अशी आमच्या बोटीची घडण होती. बाजूचा पत्रा झिजून 4 च्या खाली गेला, की विमावाले तोंड फिरवतात. शेवटी डांबराचे दोन-तीन हात, मध्ये सुकायला वेळ. बाजूला वेल्ड केलेले मॅग्नेशियमचे ठोकळे तेव्हाच पाहायचे. गोड्या पाण्यात पोलादाच्या आधी ते झिजतात, आणि ते झिजतात म्हणून पत्रा टिकतो. अर्धे खाल्लेले दिसले की मला बरं वाटायचं. जसेच्या तसे दिसले तर काहीतरी बिनसलंय.

हे सगळं शिकवलं शेजारच्या बोटीतल्या निवृत्त फिटरनं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या, पाणी अडवणाऱ्या ग्लँडमध्ये इंजिन बंद केल्यावर ग्रीसचा एक फेरा द्यायचा, थेंब थांबला की हात थांबवायचा, नट आणखी आवळायला जागा उरली नाही तर पॅकिंग बदलायचं. त्याच्याकडे पाण्यात राहून शिकलेली विद्या होती आणि ती तो चहाच्या कपावर देऊन टाकायचा.

साउथॉलजवळ एकदा इंजिन घुसमटलं. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली, पंख्यावरची झडप उघडली आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला. पंख्याला नायलॉनची साडी आवळून बसली होती. जरीचा काठ, पदर, सगळं दातेरी सुरीनं पट्टी पट्टी कापून काढलं. झडप परत घट्ट बसवली का, हे दोनदा पाहिलं, कारण ती सैल राहिली तर पंखा पाणी आत फेकतो आणि बोट बुडते.

डिसेंबर 2010 मध्ये कालवा गोठला. नळ गोठले, कोळशाची बोट अडकली. पातळ बर्फ फोडत जायची आम्हाला घाई नव्हती, कारण बर्फ पाण्याच्या रेषेवरचं डांबर खरवडून नेतो. काठावर कुणाकडे पाण्याचे कॅन, कुणाकडे कोळशाची जादा गोणी, ते हिशेब न मांडता वाटून घेत आठवडे निघाले.

2012 साली सरकारी महामंडळाकडून कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे गेले. त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी बोट म्हणजे लंडनमधलं स्वस्त घर असा गवगवा केला, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. त्या लेखांत ग्लँड नव्हती, पत्र्याची जाडी नव्हती, कॅसेट नव्हती. ते वाचून आलेली तरुण मुलं थंडीत हवेच्या जाळ्या चिकटपट्टीनं बंद करायची आणि रात्रभर कोळशाची शेगडी धुमसत ठेवायची. अशा शेगडीतून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. त्याचा भोंगा सुरक्षा नियमांत सक्तीचा झाला 2019 मध्ये. त्याआधी आम्हीच दारोदार जाऊन सांगत होतो. दलालांनी ताज्या रंगाखाली झिजलेले पत्रे विकले, ते वेगळंच.

आता सौर पॅनेल आहेत, लिथियमच्या बॅटऱ्या आहेत. रात्री 8 नंतर इंजिन चालवायचं नाही, या नियमाचा जाच त्यामुळे कमी झाला, हे चांगलंच. पण पत्रा झिजायचा तो झिजतोच, आणि त्याला डॉक लागतो. 2025 च्या दुष्काळात धरणांतलं पाणी आटून कितीतरी कालव्यांवरची वाहतूक बंद झाली, आणि ज्यांना 14 दिवसांनी हलायचंय त्यांना हलता येईना. ट्रस्टचं सरकारी अनुदान 2027 पासून घटत जाणार. तूट भरून काढायची, हे मला मान्य आहे. पण 25 टक्के जास्त घेणार असाल, तर नळ चालू ठेवा, कॅसेटच्या जागा बंद करू नका, लॉकची गळकी दारं हिवाळ्यातच बदला, आणि उरलेले ड्राय डॉक बिल्डरांच्या हाती जाऊ देऊ नका.