अपोलो: काहोरा बासाच्या विजेचे शेवटचे स्थानक

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया यांच्यामधल्या दाट वस्तीच्या पट्ट्यात, टेम्बिसा व मिडरँडच्या बाजूला, ‘एस्कॉम’ या सरकारी वीज कंपनीचे अपोलो उपकेंद्र आहे. मोझांबिकमध्ये झांबेझी नदीवर बांधलेल्या काहोरा बासा धरणाची वीज सुमारे १,४२० किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचते.

इतक्या अंतरावर एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाची) वीज नेणे अवघड व खर्चिक असते. म्हणून धरणाजवळच्या सोंगो येथे एसीचे डीसीत (एकाच दिशेच्या प्रवाहात) रूपांतर होते आणि अपोलोत डीसीचे पुन्हा एसीत रूपांतर केले जाते. हे काम थायरिस्टर नावाचे अर्धवाहक स्विच करतात. त्यांचे प्रत्येकी १३३ केव्हीचे (किलोव्होल्टचे) चार संच एकापुढे एक जोडून सुमारे ५३३ केव्ही दाबाचा एक ध्रुव बनतो. असे दोन ध्रुव मिळून एकूण क्षमता १,९२० मेगावॉट होते. रूपांतरात उमटणारे हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतील विकृती, फिल्टर शोषून घेतात आणि शुद्ध झालेली वीज २७५ केव्हीच्या जाळ्यात जाते. महाराष्ट्रातील चंद्रपूर–पडघे डीसी वाहिनीचे कामही याच तत्त्वावर चालते.

दोन्ही ध्रुवांच्या तारा बऱ्याच मार्गावर एकमेकींपासून सुमारे एक किलोमीटर दूर ठेवल्या आहेत. एक तुटली तरी दुसरी जमिनीतून परतीचा मार्ग घेऊन निम्मा भार वाहू शकते.

हा प्रकल्प पोर्तुगीज राजवट आणि दक्षिण आफ्रिका यांच्या १९६९ च्या करारातून उभा राहिला. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला, १९७७ मध्ये वीज वाहू लागली आणि १९७९ मध्ये पूर्ण क्षमता गाठली गेली. पुढे मोझांबिकच्या यादवी युद्धात रेनामो बंडखोरांनी वाहिनीचे मनोरे पाडले. या बंडखोरांना पाठबळ होते ते खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन वर्णद्वेषी राजवटीचे. परिणामी तिच्याच उद्योगनगरीकडे येणारी वीज बंद पडली आणि अपोलो दीर्घकाळ रिकामे राहिले. मनोरे नव्याने उभारल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुरवठा परतला. मूळचे थायरिस्टर तेलाच्या टाक्यांत बुडवून उघड्यावर ठेवलेले होते. २००० नंतरच्या दशकात अपोलोत त्यांच्या जागी हवेच्या इन्सुलेशनचे नवे संच बसवण्यात आले.

दक्षिण मोझांबिकला, राजधानी मापुतोसह, काहोरा बासाहून थेट वाहिनी नव्हती. त्यामुळे आपल्याच देशातील धरण सोडून तो भाग दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यावर अवलंबून राहिला. अपोलोमुळे दोन देशांचा वीजव्यवहार असा एकमेकांत गुंतला आहे. तो टिकतो केवळ यंत्रांच्या ताकदीवर नव्हे, तर वाहिनीच्या वाटेवर शांतता असेल तरच.