उंबराला शेजारी उंबर हवा

मृगाच्या सरी पडल्या की मुंबईच्या उपनगरांतल्या बाजारांत शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत या रानभाजीची वर्षभर वाट पाहिली जाते. शेवळं साफ करताना वरचं आवरण सोडवायचं, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि खाज मरावी म्हणून भाजीत काकडं घालायची. टाकून देण्याआधी तो पिवळा भाग एकदा नीट पाहावा. ते दाणे म्हणजे नरफुलं. त्यांच्या खाली मादीफुलं असतात. आपण खातो तो वरचा दांडा रानात फुलला की कुजका वास सोडतो आणि किड्यांना बोलावून घेतो. आधी मादीफुलं तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर सुटतात. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःच्या फुलांवर पडणं टळतं.

झाड जागचं हलत नाही, म्हणून त्याची सोयरीक दुसऱ्या कुणीतरी जुळवावी लागते. कुठे वारा, कुठे मधमाशी, कुठे वटवाघूळ. बी धरण्यासाठी पराग लागतात, हे १६९४ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ कामेरारियसने प्रयोगांनी दाखवलं. आत नेमकं काय घडतं हे कळायला आणखी दोनशे वर्षं गेली. परागकण कुक्षीवर पडला की त्याला नळी फुटते. ती बीजांडात शिरते आणि दोन नरपेशी सोडते. एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ तयार होतो, दुसरीपासून त्या गर्भाची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष. हे दुहेरी फलन सेर्गेई नवाशिनने १८९८ मध्ये ओळखलं. दिवाळीच्या करंजीत आपण भरतो ते खोबरं म्हणजे नारळाचा भ्रूणपोष, आणि शहाळ्याचं पाणी हे त्याचंच द्रवरूप. खरा गर्भ असतो चिमुकला, नारळाच्या मऊ डोळ्याच्या आत.

पण या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो उंबर. अंधेरीत जुन्या वाड्यांच्या, विहिरींच्या कडेला आणि देवळांच्या आवारांत तो अजून टिकून आहे; दत्ताचं झाड म्हणून त्यावर सहसा कुऱ्हाड पडत नसे. त्याचं फूल पाहायचं तर कोवळं हिरवं उंबर ब्लेडने उभं कापावं. आतल्या पोकळीत तोंड आत करून बसलेली शेकडो बारीक फुलं दिसतात. बाहेर जायला एकच तोंड, तेही खवल्यांनी बंद. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, दोनेक मिलिमीटरची एक माशी तेवढ्यातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, काहींवर आणलेले पराग टाकते आणि आतच मरते. पुढे पिलांतले नर आपापल्या फुलांतून आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं, उंबराला भोक पाडायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. तोवर नरफुलं उमललेली असतात. माद्या छातीवरच्या कप्प्यांत पराग भरून त्या भोकातून उडून जातात.

खरी अडचण इथून पुढे आहे. एका झाडावरची उंबरं बहुधा एकाच सुमारास या टप्प्याला येतात, त्यामुळे मादीला आपल्याच झाडावर कोवळं उंबर मिळत नाही. तिचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर जाऊन तिला दुसरा, नेमक्या अवस्थेतला उंबर गाठायचा असतो. म्हणजे परिसरात एक उंबर असून भागत नाही. पुढे-मागे फळणारे पुष्कळ हवेत. ते घटले की माशी जाते, माशी गेली की उरलेल्या उंबरांत बी धरत नाही. तांबट, कोकीळ आणि वटवाघळांचं अन्नही तिथेच आटतं.

वर्सोव्याच्या खाडीत तिवराने वेगळी वाट काढली आहे. खाऱ्या चिखलात बी रुजणं अवघड, म्हणून त्याचा गर्भ झाडावरच, फळाच्या आत वाढू लागतो. फळ गळतं, भरतीवर तरंगतं आणि गाळ लागताच मूळ धरतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. मधमाश्यांची चंगळ होते, कारवी मरते, आणि वाळलेली बोंडं पुढच्या पावसात तडकून बी उडवतात. सातव्या वर्षी तोडलेल्या कारवीचं एकही बी मागे राहत नाही.

महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते आणि बदल्यात नवी झाडं लावायची असतात. त्या हिशेबात झाडं मोजली जातात, त्यांच्यातली ये-जा मोजली जात नाही. दूर कुठेतरी लावलेलं रोप इथल्या माशीच्या उपयोगाचं नाही. तेव्हा पुनर्विकासाचा नकाशा समोर आला की आपल्या आवारातला उंबर त्यात कुठे आहे हे आधी विचारा. झाडावर तोडीची नोटीस लागली तर मुदतीत लेखी हरकत द्या. आणि सोसायटीत नवं झाड लावायची वेळ आली, तर एक उंबर लावा.