उन्हाळ्याची चित्रे : पाहून काढलेली

तिसरी-चौथीच्या वर्गात ‘उन्हाळ्याचे चित्र काढा’ असे सांगितले की काय होते, हे आपण सर्वजण जाणतो. दोन डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, सूर्याभोवती किरणांच्या रेघा, खाली वळणावळणाची नदी, एक कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. ज्या गावात ना डोंगर आहे ना नदी, तिथल्या मुलांच्या वहीतही हेच चित्र असते. पावसाळ्याचे चित्र सांगितले तर याच चित्रात तिरक्या रेघा येतात आणि एक छत्री उघडते. मुलांना चित्र काढता येत नाही, असे मुळीच नाही. त्यांना एक चित्र पाठ झालेले असते आणि ते पाढ्यासारखे म्हटले जाते, इतकेच.

यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. चित्रकलेच्या तासापुरते पाहिले तर फारसे नाही. पण विज्ञान शिकताना मुलाला पाहण्याची सवय लागावी, असे आपल्याला वाटत असते. ज्या मुलाने पान न पाहता पान काढायचे ठरवून टाकले आहे, ते मूल पुढे प्रयोगवहीतही प्रयोग न करता निरीक्षणे लिहिते. म्हणून प्राथमिक वर्गांत उन्हाळ्याच्या दिवसांत सहज करता येतील असे चार चित्र-उपक्रम आपण येथे पाहू. यांना खडू, पेन्सिल, तेलखडू आणि पाठकोरे कागद एवढेच साहित्य पुरते. अट एकच : समोर वस्तू असल्याशिवाय रेघ ओढायची नाही.

१. काठीच्या सावलीचे चित्र

सुमारे ५० सें.मी. लांबीची एक सरळ काठी कुंडीत किंवा वाळूच्या डब्यात अगदी उभी रोवा. ओळंबा लावून ती सरळ आहे ना, हे मुलांनाच तपासू द्या. काठीच्या बुडाशी लागून जमिनीवर मोठा कागद पसरा, किंवा फरशीवरच खडूने काम करा. आता दर अर्ध्या तासाने दोन मुलांनी जाऊन सावलीचे टोक जिथे पडले असेल तिथे खूण करायची, सावलीची रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. उन्हाळ्यात बहुतेक शाळा सकाळच्या असतात. साडेसात ते अकरा एवढ्या वेळातही सात-आठ रेघांचा एक पंखा तयार होतो. ऊन फार असेल तर मुलांनी मिनिटभरात खूण करून सावलीत परतावे.

या चित्राकडे पाहून मुलांना प्रश्न विचारता येतात. सकाळची रेघ लांब आणि नंतरची आखूड का? रेघा एकाच बाजूला का सरकतात? सर्वांत आखूड रेघ किती वाजता येईल?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुले ‘बरोबर बारा वाजता’ असे उत्तर देतात. आपणही असेच म्हणत आलो आहोत. सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणात हाच उपक्रम बारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी करून पाहायला सांगा. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत आखूड सावली साधारण बारा वाजून ३५ ते ४३ मिनिटांच्या दरम्यान येते. पुण्यात ती चार मिनिटे आधी येते, तर नागपुरात साधारण बारा वाजून १० ते १८ मिनिटांच्या दरम्यान. याचे कारण असे की भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरवलेली आहे. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे पावणेदहा अंश पश्चिमेला, म्हणजे तिथला खरा मध्यान्ह सरासरीने सुमारे ३९ मिनिटे उशिरा येतो. वर्षभरात त्यात काही मिनिटांचा फरक पडत राहतो. ही आखूड सावली आणखी एक गोष्ट देते : ती बरोबर उत्तर-दक्षिण दिशेत असते. होकायंत्र नसले तरी शाळेच्या अंगणात खरी उत्तर दिशा कायमची रंगवून ठेवता येते.

दुसरी समजूत अशी की दुपारी सूर्य रोज डोक्यावर येतो. ५० सें.मी.च्या काठीची पुण्यातील मध्यान्हीची सावली २१ मार्चला सुमारे १७ सें.मी., १ एप्रिलला साडेबारा, १५ एप्रिलला आठहून थोडी कमी आणि १ मेला फक्त तीन सें.मी. असते. डिसेंबरच्या २२ तारखेला हीच सावली ४५ सें.मी. भरते. सूर्य अगदी डोक्यावर येऊन काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होण्याचे दिवस वर्षातून दोनच. पणजीत त्यांतला पहिला दिवस २-३ मेच्या सुमारास येतो. कोल्हापुरात तो ६-७ मेच्या, पुण्यात १३-१४ मेच्या, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास असतो. दुसरा दिवस जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा आकाश बहुधा ढगाळ असते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपल्याकडे दुपारची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे दिल्लीला, असा दिवस कधीच येत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा हा सुट्टीतला अभ्यास द्यावा : आपल्या गावी सावली कोणत्या दिवशी नाहीशी होते, ते रोज एक रेघ काढून शोधा. मुले मामाच्या गावी गेली असतील तर आणखी चांगले. जूनमध्ये वेगवेगळ्या गावांच्या तारखा वर्गात एकत्र मांडता येतील.

२. कवडशांचे चित्र

दाट झाडाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग कवडसे गोल का? मुलांना आधी हा प्रश्न सांगू नका. पांढरा कागद कवडशाखाली धरून त्याची कड पेन्सिलीने गिरवायला सांगा. पाच-सहा कवडसे गिरवून झाले की गोलपणा त्यांच्याच लक्षात येतो. एखादे मूल ‘माझा लांबट आला’ म्हणेल. त्याने कागद उन्हाच्या दिशेला काटकोनात धरला की तोही गोल होतो.

आता एका जाड पुठ्ठ्याला तीन-चार मि.मी.ची तीन भोके पाडा : एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी. पुठ्ठा कागदाच्या अगदी जवळ धरला तर भोकाचाच आकार दिसतो. दोन-तीन मीटर दूर धरला तर तिन्ही भोकांतून गोलच कवडसे पडतात. हा गोल भोकाचा आकार नाही, ते सूर्याचे चित्र आहे. छोट्या भोकातून सूर्याच्या प्रत्येक भागाकडून येणारा प्रकाश सरळ रेषेत जाऊन कागदावर वेगळ्या जागी पडतो आणि सूर्याची उलटी प्रतिमा तयार होते. २६ डिसेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. अशा ग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. फटी त्याच असतात, फक्त सूर्याचा आकार बदललेला असतो.

कवडशाचा व्यास हा भोकापासूनच्या अंतराच्या साधारण एकशे आठव्या भागाइतका असतो. म्हणजे गिरवलेला गोल पाच सें.मी.चा भरला तर ती फट सुमारे साडेपाच मीटर दूर आहे. चौथीच्या मुलांना हा गुणाकार जमतो आणि झाडावर न चढता फांदीचे अंतर काढल्याचा आनंद त्यांना होतो.

ज्या शाळांना पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर आहे, त्यांना तर झाडाखाली जायचीही गरज नाही. छपराच्या भोकातून फरशीवर पडलेल्या कवडशाभोवती खडूने गोल काढा. दोन मिनिटे थांबून दुसरा गोल काढा. कवडसा साधारण स्वतःच्या रुंदीइतका सरकलेला असतो. तासाभरात फरशीवर गोलांची माळ तयार होते. पृथ्वी फिरते हे वाक्य मुलांनी पाठ केलेले असते, पण तिचा वेग असा खडूने पकडता येतो हे त्यांना माहीत नसते.

गॅलिलिओने १६१२ च्या जून-जुलैत असेच काम केले होते. दुर्बिणीतून आलेली सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून तो रोज सूर्यावरचे डाग रेखाटत होता. ती चित्रे ओळीने पाहिली की डाग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जाताना दिसतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे त्यांवरून सांगता आले. एकच सुंदर चित्र काढून हे कळले नसते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, तारीख घालून काढल्यामुळे ते कळले.

येथे एक सूचना सर्व मुलांना स्पष्ट द्यावी : सूर्याकडे थेट पाहायचे नाही, आणि भोकाला डोळा लावूनही पाहायचे नाही. सूर्याकडे पाठ करून कागदावरचे चित्रच पाहायचे.

३. पालवीच्या रंगांची पट्टी

मुलांच्या चित्रातले पान नेहमी हिरवे असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आंब्याची किंवा पिंपळाची फांदी वर्गात आणा. आंब्याची अगदी कोवळी पाने तांबूस असतात आणि मलूल झाल्यासारखी खाली लोंबतात. त्याच फांदीवर थोडी जुनी पाने पोपटी आणि आणखी जुनी पाने गर्द हिरवी असतात. एका लांब कागदावर सहा चौकोन आखून मुलांनी कोवळ्यापासून जुन्यापर्यंत सहा पानांचे रंग जुळवावेत. तेलखडूच्या पेटीत यांतला एकही रंग तयार मिळत नाही. मग लालावर हिरवा, हिरव्यावर पिवळा असे थर देऊन पाहावे लागते आणि एक चौकोन जमायला पाच-सात प्रयत्न होतात. ते प्रयत्न पुसू नयेत, कागदाच्या कडेला तसेच राहू द्यावेत.

कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते, आणि अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य भरपूर असते. कडक उन्हापासून आणि पाने खाणाऱ्या किड्यांपासून कोवळ्या पानाचे रक्षण व्हायला या रंगद्रव्याची मदत होत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. पान वाढते तसे हरितद्रव्य वाढते आणि लाल रंग मागे पडतो.

याच पानांचे घासून ठसेही घ्यावेत. पान पालथे ठेवून वर पातळ कागद ठेवा आणि तेलखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. पिंपळाच्या पानाच्या शिरांची जाळी लख्ख उमटते. केळीच्या पानाचा तुकडा घेतला तर शिरा समांतर उमटतात. ‘जाळीदार’ आणि ‘समांतर’ हे शब्द मुलांना ठसे पाहून झाल्यावर सांगावेत.

४. फळ कापून

कलिंगडाची फोड काढताना मुले लाल भागात सगळीकडे काळे ठिपके देतात. खरे कलिंगड आडवे कापून समोर ठेवा. बिया मधल्या गाभ्यात जवळजवळ नसतात, त्या गाभ्याभोवती ओळीने असतात. काकडीची चकती पाहिली तर तिचे तीन भाग दिसतात. लिंबाच्या चकतीतल्या फोडी मोजाव्यात. प्रत्येकाच्या लिंबात त्या सारख्याच निघतात का? करवंदे मिळत असतील तर ‘कोंबडा की कोंबडी’ खेळणारी मुले त्याचे आतले रंग आधीच जाणत असतात. ते ज्ञान कागदावर उतरवून घ्यावे. कैरी मात्र एकदाच काढून भागणार नाही. मार्चमध्ये सुरीने सहज कापली जाणारी मऊ कोय एप्रिल-मेपर्यंत टणक होत जाते. दर पंधरा दिवसांनी एक कैरी उभी कापून खऱ्या मापाचे चित्र काढले, तर त्या तीन-चार चित्रांत फळाची वाढ दिसते. कापण्याचे काम शिक्षकांनी करावे. चित्र झाल्यावर तिखट-मीठ लावून पुढचे काम मुलांवर सोपवावे.

चित्रांना गुण कसे द्यावेत?

या चित्रांना सुबकतेवर गुण दिले तर सगळे ओमफस होईल. ज्याचा हात चांगला आहे तेच मूल पुन्हा पहिले येईल आणि बाकीची मुले त्याचे चित्र उतरवू लागतील. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात : चित्रावर तारीख, वेळ आणि जागा आहे का, माप खरे आहे का, शेजारच्याच्या चित्रात नसलेले काही या चित्रात दिसते का, आणि चित्र पाहून मुलाला एखादा प्रश्न सुचला का. रेघ वाकडी असेल, पण पानाला किड्याने पाडलेले भोक तिथल्या तिथे काढलेले असेल, तर त्या मुलाने पान पाहिले आहे. वर्गासमोर ते चित्र धरून तसे सांगावे. चित्रकलेत मागे राहणाऱ्या मुलाला असे क्वचितच ऐकायला मिळते.

कोणाचे निरीक्षण पुस्तकातल्या वाक्याशी जुळले नाही, तर घाईने मुलाला चूक ठरवू नये. काठी तिरकी होती का, घड्याळ बरोबर होते का, हे आधी तपासावे. ते ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून पुन्हा रेघ काढावी. ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य खोडायला शिक्षकाने पुढे होण्याची गरज नाही. मुलांच्या हातातला खडू ते करू शकतो.

सुट्टी संपवून मुले परत येतील तेव्हा त्यांनी काढलेले सावल्यांचे कागद, त्यांवरची गावांची नावे आणि तारखा आम्हाला जरूर कळवा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तारखा नकाशावर मांडल्या की सूर्य मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे महाराष्ट्र कसा ओलांडतो, हे मुलांच्याच रेघांवरून दाखवता येईल.