बिल्डिंग सोसायटीतलं खातं आणि बारीक अक्षरं

‘सोसायटी’ म्हटलं की आपल्याला मेंटेनन्स आणि पाण्याची टाकी आठवते. म्हणूनच ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेला मराठी माणूस ‘बिल्डिंग सोसायटीत बचत खातं’ हे शब्द ऐकून बुचकळ्यात पडतो. पण या सोसायटीचं मूळ आपल्या भिशीसारखंच आहे. 1775 मध्ये बर्मिंगहॅमला ‘गोल्डन क्रॉस’ नावाचा पब चालवणाऱ्या रिचर्ड केटली यांच्याकडे सभासद वर्गणी जमा करू लागले आणि त्या पैशातून एकेकाचं घर उभं राहू लागलं. अशा सोसायट्या सगळ्यांची घरं झाली की बंद होत.

आजच्या सोसायट्या कायमच्या आहेत. तिथे बहुतेक बचत खातेदार सभासद, म्हणजे संस्थेच्या मालकांपैकी एक होतो. अटींच्या कागदावर याच मालकीबद्दलचा एक परिच्छेद असतो आणि नेमका तोच वाचायचा राहतो. 1989 मध्ये ‘ॲबी नॅशनल’ सोसायटीची कंपनी झाली, तेव्हा सभासदांना फुकट शेअर मिळाले; 1997 मध्ये ‘हॅलिफॅक्स’च्या सभासदांनाही. मग निव्वळ या घबाडासाठी लोक गावोगावच्या सोसायट्यांत खाती उघडत सुटले. नोव्हेंबर 1997 मध्ये ‘नेशनवाइड’ने नव्या सभासदांसाठी अट घातली: पहिल्या 5 वर्षांत सोसायटीचं असं रूपांतर झालंच, तर त्यातून मिळणारा लाभ धर्मादाय कामाला जाईल. अट रास्तच होती. पिढ्यान्‌पिढ्यांची गंगाजळी काल आलेल्याने वाटून का घ्यावी?

व्याजदराचं गणित त्या मानाने सोपं, पण फसायला होतं ते तिथेच. समजा, जाहिरातीत 4.5 टक्के दर आहे आणि त्यातला 1.5 टक्का पहिल्या 12 महिन्यांचा बोनस आहे. म्हणजे 10,000 पौंडांवर पहिल्या वर्षी 450 पौंड मिळतील, आणि मूळ दर तोच राहिला तर दुसऱ्या वर्षी त्याच रकमेवर 300. बोनस संपल्याची तारीख आपणच लिहून ठेवलेली बरी. 90 दिवसांच्या नोटिशीचं खातं असेल, तर पैसे मागितल्यावर तीन महिने थांबावं लागतं. काही खात्यांत तेवढ्या दिवसांचं व्याज सोडून रक्कम लगेच काढता येते.

आणि ठेवींचं संरक्षण? सप्टेंबर 2007 मध्ये ‘नॉर्दर्न रॉक’ बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा हमी पूर्ण होती ती फक्त पहिल्या 2,000 पौंडांची, पुढच्या 33,000 पौंडांवर 90 टक्के. आता 1 डिसेंबर 2025 पासून ती माणशी 1,20,000 पौंड आहे. मात्र ही मर्यादा पाटीवरच्या नावागणिक नसून परवान्यागणिक मोजतात. ‘हॅलिफॅक्स’ आणि ‘बँक ऑफ स्कॉटलंड’ एकाच परवान्यावर चालतात. त्यामुळे दोन्हीकडे एक-एक लाख पौंड ठेवणाऱ्याचे 80,000 हमीबाहेर राहतात.