मूर्ती, पताका, गाथा : मूळ गाव कोणतं?

नवी मुंबईत दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ‘तुमचं गाव कोणतं?’ हे येतंच. सातारा, बीड, जळगाव… इथल्या बहुतेकांचं मूळ दुसरीकडे. हाच प्रश्न शहरात दिसणाऱ्या बौद्ध मूर्तींना, पताकांना आणि गाथांना विचारला, तर बरेच घोटाळे सुटतात.

गैरसमज : दुकानाच्या गल्ल्यावरचा हसरा, ढेरपोट्या बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध.
वस्तुस्थिती : हा चीनचा. बुदाई नावाचा झोळीवाला भिक्खू १०व्या शतकात होऊन गेला असं मानतात. पुढे त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार समजू लागले. गौतम बुद्ध त्याच्याआधी हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचे. पोट चोळलं की पैसा येतो, हे तर धम्मात कुठेच नाही.

गैरसमज : बाइकच्या हँडलला बांधलेल्या रंगीत पताका आणि विहारावरचा पंचशील ध्वज एकच.
वस्तुस्थिती : हिरवा रंग शोधा. पताका तिबेटी परंपरेच्या. निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा हे त्यांचे रंग पंचमहाभूतांचे. वर छापलेले मंत्र वाऱ्यासोबत पसरावेत, ही त्यामागची भावना. पंचशील ध्वजात हिरवा नाहीच. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी असे पाच पट्टे आणि शेवटी पाचही रंगांचा सहावा. हा ध्वज अशोककालीनही नव्हे. तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला.

गैरसमज : लेणी खोदली तेव्हापासून आत बुद्धमूर्ती होत्या.
वस्तुस्थिती : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कार्ल्याच्या चैत्यात पूजेच्या जागी स्तूप आहे, त्यावर लाकडी छत्र. दर्शनी भागातल्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरल्या गेल्या. सुरुवातीच्या कलेत बुद्ध सूचित व्हायचे ते बोधिवृक्ष, पावलं, चक्र किंवा रिकाम्या आसनातून. नवी मुंबईसमोरच्या घारापुरीला आपण त्रिमूर्तीसाठी जातो, पण तिथल्या पूर्वेकडच्या टेकडीवरही विटांचा स्तूप आहे.

गैरसमज : त्रिशरण-पंचशील ही बाबासाहेबांनी रचलेली प्रार्थना.
वस्तुस्थिती : ती पालीत आहे, फार जुनी आहे, आणि श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्येही म्हटली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, धम्मदीक्षेच्या वेळी, बाबासाहेबांनी स्वतः ती भदन्त चंद्रमणींकडून घेतली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या आहेत त्या २२ प्रतिज्ञा.
‘प्रार्थना’ हा शब्दही इथे नीट बसत नाही. विहारात वंदनेला बसाल तेव्हा पंचशीलाच्या ओळींचा शेवट कान देऊन ऐका. पाचही वेळा ‘समादियामि’ येतं, म्हणजे ‘मी अंगीकारतो’. ‘दे’ नाही, ‘वाचव’ नाही. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं, आणि दूर राहायचं ते म्हणणाऱ्यानेच.

गैरसमज : बोधिसत्त्व अवलोकितेश्वर वगैरे तिबेटचं, महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध?
वस्तुस्थिती : कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर उभा आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसं कोरली आहेत : आग, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि बुडणारं जहाज. सोपारा, कल्याण या बंदरांतून समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांना हे शेवटचं भय चांगलंच ठाऊक असणार. ‘वाचव’ म्हणणारी माणसं बौद्ध परंपरेतही होती, ती अशी दगडात दिसतात. हाच बोधिसत्त्व चीनमध्ये ग्वानयिन झाला.

तेव्हा तिबेटी वाटणारा अवलोकितेश्वर आपल्याच डोंगरांत भेटतो. आणि अगदी घरची वाटणारी पाली वंदना १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली, ती ब्रह्मदेशात जन्मलेल्या एका वृद्ध भिक्खूच्या तोंडून.