शौरीतील ग्रहणे आणि एका स्पंदकाची ओळख

चाळीसगावनजीक पाटण येथे यादवकालीन शिलालेख आहे. यादवनृपती सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी येथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवाने १२०७ साली श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठास उत्पन्न तोडून दिले, असा त्यातील वृत्तांत आहे. ग्रहण केव्हा लागेल हे बिनचूक सांगणे ही त्या विद्येची कसोटीच होती. ग्रहणाच्या वेळा मोजण्याची हीच रीत विसाव्या शतकात एका अदृश्य ताऱ्याची ओळख पटवण्याच्या कामी आली.

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जात असल्यामुळे त्यांचे उगम पाहण्यास यंत्रे वातावरणाबाहेर धाडावी लागतात. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या ‘उहुरू’ या अमेरिकन उपग्रहास शौरी (हर्क्युलिस) तारकासमूहात असा एक उगम आढळला, की ज्याचे किरण दर १.२४ सेकंदांनी स्पंद पावत होते. तो स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजेच स्पंदक होता. परंतु उपग्रहाची दृष्टी स्थूल होती. खरेदीखतात गावाचे नाव असावे आणि चतुःसीमा मात्र नमूद नसाव्यात, तसा तो प्रकार होता. दाखवलेल्या टापूत मंद तारे अनेक, त्यांतला या स्पंदकाचा संबंधी कोणता? जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा स्पंदक स्वतः दुर्बिणीत वेगळा दिसणे दुरापास्तच; दिसावयाचा तो त्याचा जोडीदार तारा, ज्याचे द्रव्य ओढून घेऊन तो तळपतो. हा जोडीदार सापडल्यावाचून स्पंदकाचे वस्तुमान आणि अंतर यांचा भरवशाचा हिशेब लागत नाही.

स्पंदकाचे क्ष-किरण दर १.७ दिवसांनी काही तास लुप्त होत, कारण तेवढा वेळ तो जोडीदाराआड जाई. हीच लय प्रकाशात कोणता तारा पाळतो, हे पाहावयाचे होते. १९३६ साली कुनो हॉफमायस्टर या जर्मन ज्योतिर्विदाने चलतारा म्हणून नोंदवलेल्या एचझेड हर्क्युलिसकडे १९७२ मध्ये विल्यम लिलर यांनी लक्ष वेधले, आणि जॉन व नेटा बाकॉल या दांपत्याने इस्रायलमधील वेधशाळेतून त्याची तेजस्विता नेमकी १.७ दिवसांच्या आवर्तनाने बदलते असे दाखवून दिले. स्पंदकाच्या क्ष-किरणांनी ताऱ्याची एक बाजू तापते. ती आपल्यासमोर आली की तारा तेराव्या प्रतीपर्यंत उजळतो, आणि पाठ फिरली की पंधराव्या प्रतीकडे झुकतो. हार्वर्ड वेधशाळेच्या दप्तरातील जुन्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या तपासता काही वर्षे हा चढउतार बंदच पडला होता असेही निष्पन्न झाले, आणि मला तर या साऱ्या प्रकरणात तेच सर्वांत विलक्षण वाटते. ज्यांनी त्या पट्ट्या टिपल्या त्यांना स्पंदक ही वस्तूच ठाऊक नव्हती, तरी त्यांचे श्रम उपयोगी पडले.

क्ष-किरण उगमांचे असे वेध घेण्याचे काम आता आपल्याकडेही चालते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहावर अतिनील दुर्बीण आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेली क्ष-किरण उपकरणे एकत्र आहेत, त्यामुळे एकाच उगमाचे दोन्ही प्रकारचे वेध एकाच वेळी घेता येतात. प्रकाशाच्या वेधांसाठी जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे.

जळगाव-धुळ्याच्या अक्षांशावरून मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळी ढग येण्यापूर्वी, शौरी मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर असतो, आणि त्याच्या मधल्या चार ताऱ्यांच्या चौकोनातच एचझेड हर्क्युलिस आहे. डोळ्यांना तो दिसणार नाही. परंतु आठ-दहा इंची दुर्बीण आणि तिला जोडलेला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा एवढ्या सामग्रीवर त्याचे तेज मोजता येते. १.७ दिवसांची दहा आवर्तने म्हणजे १७ दिवस, तेव्हा सतरा रात्रींनी त्याच प्रहरी तीच कला पुन्हा समोर येते आणि पहिल्या मोजणीची फेरतपासणी आपोआप होते. खानदेशातील महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि त्यासाठी लागणारी माफक तरतूद संस्थाचालकांनी पुढच्या अंदाजपत्रकात करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.